वेगाला आकडा नसलेला रस्ता

इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यामध्ये जो समुद्र आहे त्याच्या जवळजवळ मध्यावर मॅन नावाचे एक बेट आहे. क्षेत्रफळ अवघे ५७२ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या बृहन्मुंबईहून किंचित लहान. आणि वस्ती २०२१ च्या शिरगणतीप्रमाणे सुमारे ८४ हजार. ब्रिटनच्या राजाचे छत्र या बेटावर असले तरी ते ब्रिटनचा भाग नव्हे. त्याचे स्वतःचे कायदे आहेत, स्वतःचे पोलीस आहेत आणि 'टिनवाल्ड' नावाचे विधिमंडळही आहे. हे विधिमंडळ हजार वर्षांहून अधिक काळ अखंड चालत आले आहे, असे तेथील लोक मोठ्या अभिमानाने सांगतात. बिनशेपटीच्या मांजरांसाठीही हे बेट प्रसिद्ध आहे. परंतु वाचकहो, आपणांस आज तेथे नेण्याचे कारण टिनवाल्ड नव्हे, आणि मांजरेही नव्हेत. ज्याला वेगमर्यादेचा जाच वाटतो असा जगातील प्रत्येक मोटारसायकलस्वार आयुष्यात एकदा तरी जेथे जाण्याचे स्वप्न पाहतो, असा एक रस्ता या बेटावर आहे.

लिव्हरपूल किंवा हेशॅम येथून निघालेली बोट डग्लस या राजधानीच्या बंदराला लागते. मे महिना संपत आला की या बोटींच्या पोटात मोटारसायकली दोरांनी आवळून ओळीने उभ्या केलेल्या दिसतात. इंग्रज, जर्मन, फ्रेंच असे स्वार चामड्याचे जाड कपडे घालून धक्क्यावर उतरतात. 'डावीकडून चालवा' या सूचना रस्त्यावर परभाषांतही लावाव्या लागतात, यावरून पाहुण्यांची कल्पना यावी.

गावाबाहेर पडताच या स्वारांच्या दृष्टीस एक पाटी पडते. पांढरी वाटोळी तबकडी आणि तिच्यावर एक तिरपी काळी रेघ. इंग्लंडमध्येही हीच पाटी असते. पण तेथे तिचा अर्थ 'देशाची सर्वसाधारण मर्यादा येथून लागू' असा होतो, म्हणजे साध्या दुहेरी वाहतुकीच्या रस्त्यावर ताशी ६० मैल, सुमारे ९६ किलोमीटर. मॅन बेटावर अशी सर्वसाधारण मर्यादाच नाही. त्यामुळे तीच तबकडी, तीच रेघ, पण अर्थ असा की येथून पुढे किती वेगाने जायचे ते तुमचे तुम्ही ठरवा.

हे बेट मोटारसायकलस्वारांचे तीर्थक्षेत्र कसे झाले, याची कथा मोठी गमतीची आहे. ते घडले एका वेगमर्यादेमुळेच; मात्र ती मर्यादा दुसऱ्या देशाची होती. १९०३ साली ब्रिटिश पार्लमेंटने मोटारगाड्यांचा कायदा केला आणि सार्वजनिक रस्त्यावर ताशी २० मैल, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटर, ही कमाल मर्यादा घातली. रस्ते बंद करून शर्यती लावणे तेथे शक्य नव्हते. त्या काळच्या मोटार क्लबचे कार्यवाह ज्युलियन ऑर्ड यांनी मग आपली दृष्टी मॅन बेटाकडे वळविली. तेथील नायब राज्यपाल लॉर्ड रॅग्लन हे त्यांचे नातलगच होते. टिनवाल्डने १९०४ साली कायदा करून शर्यतीपुरते रस्ते बंद ठेवण्यास मुभा दिली. प्रथम मोटारी धावल्या, आणि २८ मे १९०७ या दिवशी मोटारसायकलींची पहिली 'टूरिस्ट ट्रॉफी' शर्यत झाली. 'टी. टी.' या दोन अक्षरांनी ती आज जगभर ओळखली जाते.

नावातील 'टूरिस्ट' हा शब्द लक्षात घेण्यासारखा आहे. ही शर्यत सामान्य प्रवाशाच्या गाडीची होती. गाडीला खोगीर हवे, चिखलरोधक हवेत, आवाज कमी करणारी नळीही हवी, असे नियम होते. चढावर दम लागला तर पायडल मारण्याची सोय होती. आणखी एक अट अशी की, एक सिलिंडरच्या गाडीने एका गॅलनमध्ये ९० मैल जावे; आपल्या हिशेबाने लिटरला सुमारे ३२ किलोमीटर. गाडी घेताना 'मायलेज किती देते?' हा आपल्याकडचा पहिला प्रश्न असतो. तो त्या शूर वीरांनाही सुटला नव्हता, हे वाचून आपणांस बरे वाटेल! चार्ली कॉलियर या स्वाराने मॅचलेस गाडीवर ती शर्यत जिंकली. त्याचा सरासरी वेग होता ताशी ३८.२१ मैल, म्हणजे सुमारे ६१ किलोमीटर. हा आकडा ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

ती शर्यत सुरू झाली सेंट जॉन्स या गावी. टिनवाल्डची प्रसिद्ध टेकडीही याच गावात आहे. दर वर्षी जुलैमध्ये सारे शासन तेथे जमते आणि नव्या कायद्यांचा सारांश उघड्यावर, मॅन्क्स आणि इंग्रजी या दोन भाषांत, लोकांना वाचून दाखविला जातो. कायदा लोकांना ऐकविण्याची जागा आणि वेगाचे पहिले मैदान एकाच गावात असावे, हा योगायोग मला फार आवडतो.

१९११ पासून शर्यत मोठ्या डोंगरी वाटेवर गेली. चला, त्या वाटेने आपण एक फेरी मारू. शर्यतीच्या वेगाने नव्हे. अर्थात् एरवीच्या दिवशी, रस्ता सर्वांना खुला असताना.

फेरी एकूण ३७.७३ मैलांची, म्हणजे सुमारे ६१ किलोमीटरची आहे. डग्लसमधील प्रेक्षागारापासून निघून आपण ब्रे हिलचा उतार उतरतो. दोन्ही बाजूंना घरे, घरांपुढे फुलझाडे, दारात दुधाच्या बाटल्या. कोणत्याही शांत इंग्रजी उपनगरात असावा तसा हा रस्ता आहे. शर्यतीच्या दिवशी मात्र याच दारांपुढून गाड्या बाणासारख्या सुटतात. येथे, वस्तीत, एरवी मर्यादा आहे आणि ती कडक आहे. ज्या बेटाला लोक 'मर्यादा नसलेले बेट' म्हणतात तेथे गावागावांत ताशी ३० मैलांच्या पाट्या आहेत, आणि शर्यतीच्या दिवसांत वेग मोजण्याचे यंत्र घेऊन पोलीसही उभे असतात. पुष्कळ पाहुण्यांना हे ठाऊक नसते. ठाऊक होते तेव्हा ते न्यायाधीशापुढे उभे असतात.

पुढे युनियन मिल्स, क्रॉस्बी ही खेडी मागे टाकून बॅलाक्रेन येथे रस्ता उजवीकडे वळतो आणि ग्लेन हेलनच्या झाडीत शिरतो. दगडी कुंपणे रस्त्याला इतकी लगटून आहेत की हात लांबविला तर शेवाळ बोटाला लागावे. कर्क मायकल या गावात रस्ता अरुंद होतो. बॅलाच्या पुलाला मधोमध उंटाच्या वशिंडासारखा उंचवटा आहे. शर्यतीत गाड्या त्यावरून चाके अधांतरी उचलून जातात. सल्बीची लांब सरळ वाट संपली की रॅमझी हे टुमदार बंदर येते, आणि तेथून डोंगराची चढण लागते.

येथे सारे चित्र पालटते. घरे संपतात, झाडे संपतात. उरते ते गवत, वारा आणि स्नेफेल या ६२१ मीटर उंच शिखराच्या कुशीतून वळत गेलेला काळा रस्ता. डोंगरावरची जुनी विजेची रेल्वे 'बंगलो' नावाच्या ठिकाणी हा रस्ता ओलांडते. हवा स्वच्छ असली तर शिखरावरून सहा राज्ये दिसतात, असे तेथील लोक म्हणतात: मॅन, इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड आणि सहावे स्वर्गाचे राज्य. परंतु बहुधा धुकेच असते. मॅनानान हा तेथील समुद्रदेव; बेटाला शत्रूच्या नजरेपासून झाकण्यासाठी तो आपला झगा पसरतो, अशी कथा आहे. या झग्यापायी शर्यती तासन्‌तास खोळंबतात. पुढे 'वाऱ्याचे वळण' या अर्थाचे नाव असलेली जागा येते. हे नाव कवीने नव्हे, सोसलेल्या माणसाने ठेवलेले असावे. मग क्रेग-नी-बा येथील विश्रामगृह, आणि पुन्हा डग्लस.

रॅमझीपासून क्रेग-नी-बापर्यंतचा हा डोंगरी तुकडा, तोच आपला आकडा नसलेला रस्ता. शर्यतीच्या पंधरवड्यात एका रविवारी सामान्य स्वार या फेरीवर हजारोंनी लोटतात. त्या दिवसाला 'वेडा रविवार' असे नाव पडले आहे.

हे स्वार इतक्या दुरून कशासाठी येतात? त्यांचे गाऱ्हाणे सहानुभूतीने ऐकून घेण्याजोगे आहे. ब्रिटनमध्ये १९९२ पासून रस्त्यांवर वेग टिपणारे कॅमेरे आले. मर्यादा ओलांडली की दंड होतो आणि परवान्यावर दोषांक चढतात; तीन वर्षांत बारा झाले की परवाना जातो. स्वार म्हणतो, कॅमेऱ्याला केवळ आकडा दिसतो. रस्ता मोकळा आहे की शाळेतली मुले बाहेर पडत आहेत, ऊन आहे की पावसाने रस्ता निसरडा झाला आहे, हे त्याला दिसत नाही. धुक्यात ताशी ५० मैलांनी जाणारा बेपर्वा त्याच्या लेखी निर्दोष, आणि पहाटे निर्मनुष्य रस्त्यावर ७५ ने जाणारा सावध स्वार गुन्हेगार! शिवाय डोळे रस्त्यावर ठेवावेत की काट्यावर? दोन चाकांवर बसलेल्याला रस्त्यातला खडा अन् खडा पाहावा लागतो, ही गोष्ट चारचाकीवाल्याला कशी कळणार? काहींचे असेही मत असते की हे सारे सरकारी तिजोरी भरण्याचे उपाय आहेत.

यातील शेवटचा मुद्दा मला लटका वाटतो. दंड टाळण्याचा उपाय प्रत्येकाच्या उजव्या मुठीत असतो. परंतु पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे. आकडा हा शहाणपणाची जागा घेऊ शकत नाही. म्हणूनच मॅन बेटाचे महत्त्व. 'आम्हांला आमचे ठरवू द्या' ही स्वारांची मागणी या बेटाने खरोखरच मान्य केली आहे. मग तेथे काय घडते?

घडते ते असे. परदेशातून आलेले, उजवीकडून चालविण्याची सवय असलेले स्वार वळणावर भांबावून समोरच्या गाडीवर जाऊन आदळत. म्हणून शर्यतीच्या दिवसांत डोंगरी रस्ता एकेरी करावा लागतो. रॅमझीकडून डग्लसकडे जाता येते, उलट येता येत नाही. डग्लसहून रॅमझीला निघालेल्या स्थानिक माणसाने लॅक्सीमार्गे किनाऱ्याची वाट धरावी. शर्यतीसाठी रस्ते बंद होतात तेव्हा फेरीलगत राहणारांनी आपली कामे आधीच उरकून घ्यावीत. वळणावळणावर स्वयंसेवक उभे राहतात, हेलिकॉप्टर सज्ज असते, इस्पितळात खाटा राखून ठेवाव्या लागतात. बेटावरच्या नवशिक्या चालकाला परवाना मिळाल्यावर एक वर्ष गाडीवर तांबडे 'आर' हे अक्षर लावावे लागते, आणि त्या वर्षात ताशी ५० मैलांपलीकडे जाता येत नाही. बेफाम चालविल्याबद्दलचा गुन्हा आणि शिक्षा तर आहेतच. एका पाटीवरचा आकडा पुसला, तर त्याच्या जागी किती माणसे आणि किती नियम उभे करावे लागले पाहा.

असे असूनही बेटाच्या लोकांना ही मोकळीक प्रिय आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात साऱ्या बेटाला सरसकट मर्यादा घालण्याचा विचार पुढे आला. लोकांचा विरोध झाला आणि तो मागे पडला. तेथील स्वारांपैकी पुष्कळांचे म्हणणे असे की, आकडा नसल्यामुळेच आपण वळणाकडे, वाऱ्याकडे, ओल्या डांबराकडे अधिक लक्ष देतो. हे पटण्यासारखे आहे. मात्र ज्याने हा रस्ता लहानपणापासून बसमधून, सायकलवरून, पायी पाहिला आहे, त्या माणसाचे हे बोलणे आहे. तीन दिवसांची रजा काढून बोटीतून उतरलेल्याने ते उसने घेऊ नये.

शर्यतीचा हिशेबही सांगितला पाहिजे. तो टाळून या बेटाचे वर्णन करणे अप्रामाणिकपणाचे होईल. डोंगरी वाटेवर पहिले वर्ष होते १९११ चे, आणि त्याच वर्षी सरावाच्या वेळी ग्लेन हेलनजवळ व्हिक्टर सरिज हा तरुण स्वार मृत्यू पावला. तेव्हापासून या वाटेवरच्या निरनिराळ्या शर्यतींत आणि सरावांत अडीचशेहून अधिक स्पर्धकांनी प्राण गमावले आहेत. १९१४ साली येथे शिरस्त्राण सक्तीचे झाले. डॉक्टर एरिक गार्डनर यांनी कॅनव्हास आणि लाख यांची शिरस्त्राणे करवून घेतली होती. संयोजकांनी आधी नाके मुरडली, मग ती स्वीकारली. आज आपल्याकडे तरुण मुले जी वस्तू कोपरावर अडकवून फिरतात, तिच्यासाठी एका डॉक्टरला एवढी खटपट करावी लागली होती.

१९७२ साली जिल्बेर्तो पार्लोत्ती हा इटालियन स्वार पावसाळी, धुकट हवेत डोंगरावर पडून मरण पावला. त्याचा मित्र जाकोमो आगोस्तिनी हा त्या काळचा अजिंक्य वीर. या एकाच बेटावर त्याने दहा विजय मिळविले होते. त्याने पुन्हा येथे शर्यतीत भाग घेतला नाही. वेगाची भीती वाटणारा तो माणूस नव्हता, आणि त्याला अडविणारा पोलीसही कोणी नव्हता. १९७६ नंतर जागतिक अजिंक्यपदाच्या मालिकेतून ही शर्यत वगळली गेली. तरीही ती चालू राहिली. २०२३ साली पीटर हिकमन याने ही फेरी ताशी १३६.३५८ मैल, म्हणजे सुमारे २१९ किलोमीटर, या सरासरीने पुरी केली.

आता मघाचा आकडा आठवावा. १९०७ च्या विजेत्याचा सरासरी वेग ताशी सुमारे ६१ किलोमीटर होता. भारत सरकारने एप्रिल २०१८ मध्ये जाहीर केलेल्या कमाल मर्यादांप्रमाणे मोटारसायकलीला शहरात आणि साध्या रस्त्यांवर ताशी ६० किलोमीटर व चौपदरी विभाजित रस्त्यांवर ८० किलोमीटर वेगाची मुभा आहे. म्हणजे आज आपल्या घरातील मुलगा ज्याला 'रांगणे' म्हणतो, त्या वेगाने चार तास गाडी हाकणाऱ्याला त्या काळी करंडक मिळाला होता! गाड्या बदलल्या, टायर बदलले, ब्रेक सुधारले. माणसाची कवटी मात्र १९०७ सालचीच राहिली आहे.

मॅन बेटावरची मोटारसायकल ही बहुधा हौसेची वस्तू आहे. आपल्याकडे ती संसाराचे वाहन आहे. तिच्यावरून वडील कामावर जातात, मधल्या जागेत मूल बसते, मागे पदर सावरून आई बसते, आणि भाजीची पिशवी हॅंडलला लोंबत असते. याच गाडीवर सायंकाळी थोरला मुलगा मित्राला घेऊन बाहेर पडतो. पुढे पोलीस उभे असल्याची खूण समोरून येणारे अनोळखी चालक दिवा लुकलुकवून देतात, हा प्रकार उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत सर्वत्र आढळतो. परोपकाराचा हा नमुना मला नेहमीच चमत्कारिक वाटत आला आहे. २०२२ साली आपल्या देशात रस्ते-अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांत शंभरात चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरची होती, आणि एकूण मृत्यूंपैकी शंभरात एकाहत्तर अतिवेगाच्या खात्यावर मांडले गेले. मॅन बेटावर शतकभरात शर्यतीपायी जितके स्वार गेले तितकी माणसे आपल्याकडे रस्त्यावर एका दिवसाच्या आतच जातात. त्यांच्यासाठी वळणावर स्वयंसेवक नसतो, आकाशात हेलिकॉप्टर नसते.

बेटावरून परतण्यापूर्वी एक ठिकाण राहिले. डग्लसहून कॅसलटाउनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक लहानसा पूल आहे. त्या पुलाखाली पऱ्या राहतात, अशी समजूत आहे. त्यांना अभिवादन केल्याशिवाय पूल ओलांडू नये. जुने लोक त्यांचे नावही घेत नाहीत. कोकणात तिन्हीसांजेला सापाचे नाव न घेता 'जनावर' म्हणतात, तसे तेही आडून बोलतात. शर्यतीला आलेले स्वार हा शिरस्ता मनापासून पाळतात. अंगावर चामड्याचा पोशाख, मांडीखाली दोनशे घोड्यांची शक्ती, असा दांडगा गडी पुलाजवळ येताच मूठ सैल करतो, शिरस्त्राणाची काच वर उचलतो, चारी दिशांना पाहून कोणी हसत तर नाही ना याची खात्री करून घेतो, आणि हलकेच 'नमस्कार, मंडळी' अशा अर्थाचे दोन शब्द पुटपुटून पुढे जातो. शेजारच्या झाडांना चिठ्ठ्या बांधलेल्या असतात. वाऱ्यापावसाने पुष्कळांची शाई धुऊन गेलेली असते. काहींवर मात्र एखाद्या स्वाराचे नाव आणि सुखरूप घरी पोचू दे, एवढी विनंती अजून वाचता येते.